मेलाटोनिनचे ग्राही : शरीराला रात्र कशी समजते?

इतिहासाच्या शिक्षकाने शरीरशास्त्रावर लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. संपादक मंडळाने आम्हांस शाळेच्या जडणघडणीवर लिहिण्यास सांगितले होते. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी या अंकात लिहिले आहे. आम्ही विषय बदलून मागितला, त्यास दोन प्रसंग कारण झाले.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला रोज डुलक्या घेत असे. आम्ही दोन-तीन दिवस समज दिली आणि चौथ्या दिवशी भर वर्गात त्याला 'आळशी' म्हणून बाकावर उभे केले. तो काही बोलला नाही. पुढे गृहपालांकडून कळले, की तो रात्री साडेदहाला अंथरुणावर पडे, पण बारा वाजेपर्यंत त्याचा डोळा लागत नसे आणि पहाटे पाचला घंटा होताच सर्वांबरोबर उठे. 'आळशी' हा शब्द या देशात कोणाकोणाला, किती पिढ्या आणि कशासाठी चिकटवला गेला, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस ठाऊक असायला हवे होते. तरीही तो आमच्याच तोंडून, आमच्याच मुलासाठी निघाला.

दुसरा प्रसंग माजी विद्यार्थी मेळाव्यातला. रुग्णालयात परिचारिका असलेली आमची एक विद्यार्थिनी भेटली. तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. ती म्हणाली, "सर, झोपेसाठी मेलाटोनिनची गोळी घेते. रात्रपाळीहून आल्यावर घेतली की झोप लागते. सुटीच्या दिवशी रात्री घेतली तर काहीच होत नाही. गोळी तीच, मीही तीच, मग असे का?" आम्ही म्हणालो, "बाळ, मला इतिहास येतो. पण शोधून सांगेन." शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी पुस्तके दिली, समजावून सांगितले आणि आमच्या चुका दुरुस्त केल्या. त्या दोघांना, म्हणजे बाकावर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला आणि या मुलीला, द्यावयाचे उत्तर म्हणून हा लेख आहे.

मेंदूच्या मध्यभागी, खोलवर, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठी अशी एक ग्रंथी असते. तिला पिनियल ग्रंथी म्हणतात. मराठीत तिला 'तृतीय नेत्र पिंड' असेही नाव आहे. या नावामुळे पुष्कळ भोंदूगिरी झाली आहे, म्हणून आधीच सांगितलेले बरे : काही सरड्यांच्या आणि न्यूझीलंडमधील तुआतारा नावाच्या प्राण्याच्या डोक्यावर या ग्रंथीशी नाते सांगणारा, प्रकाश ओळखणारा अवयव खरोखरच असतो. माणसाच्या पिनियलला मात्र काहीही दिसत नाही. बाहेर उजेड आहे की अंधार, हे तिला आपल्या दोन साध्या डोळ्यांकडूनच समजते. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने आत्म्याचे मुख्य आसन या ग्रंथीत आहे, असे लिहिले. पुढच्या तीनशे वर्षांत ती अनेकांनी कापून पाहिली. आत्मा कोणास आढळला नाही. आढळले ते एक साधे रसायन, आणि तेही बेडकांच्या कृपेने.

१९१७ साली अमेरिकेत मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांनी गाईबैलांच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांना खाऊ घातला. थोड्याच वेळात पिल्लांची कातडी फिकट, जवळजवळ पारदर्शक झाली. हे निरीक्षण चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. मग येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी ते उचलले. त्यांना कोड या विकाराचे कोडे सोडवायचे होते. अंगावर पांढरे डाग उठलेल्या माणसाचे, विशेषतः मुलीचे, आपल्या समाजात काय हाल होतात, हे वाचकांना सांगायला नको. कातडीचा रंग उडवणारे द्रव्य हाती आले तर रंग का उडतो हेही समजेल, असा लर्नर यांचा विचार होता. कत्तलखान्यांतून आणलेल्या हजारो ग्रंथींमधून त्यांच्या गटाने १९५८ साली अगदी अल्प प्रमाणात ते द्रव्य वेगळे केले आणि त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. नावातील 'मेला' हे कातडीच्या काळ्या रंगद्रव्याची आठवण देते आणि 'टोनिन' हे सेरोटोनिन या रसायनाशी असलेले नाते सांगते. शरीर सेरोटोनिनपासूनच मेलाटोनिन तयार करते.

गंमत पाहा. कोडाच्या कामी हे द्रव्य आले नाही. बेडकाच्या रंगपेशीत रंगाचे कण पेशीभर पसरतात किंवा मध्यभागी गोळा होतात. मेलाटोनिन मिळाले की ते गोळा होतात आणि कातडी फिकी दिसते. माणसाच्या कातडीत रंगाचे कण तयार होऊन शेजारच्या पेशींना वाटले जातात. एकदा वाटलेले परत गोळा होत नाहीत. म्हणून मेलाटोनिनने माणूस गोरा होत नाही. (हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, गोरेपणाच्या मलमांवर पैसे घालवणारे पालक आम्ही पाहिले आहेत.) जे द्रव्य रंगाच्या शोधात सापडले, ते निघाले रात्रीचे.

अंधार पडला की पिनियल मेलाटोनिन तयार करू लागते. मध्यरात्रीनंतर ते रक्तात सर्वांत जास्त असते आणि पहाटे ओसरते. दिवसा ते जवळपास नसतेच. 'सर्वांत जास्त' म्हणजे किती? एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५० ते १०० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतके थोडे द्रव्य एवढ्या मोठ्या देहाला 'रात्र झाली' असे कसे सांगत असेल?

सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आमच्या गावी पूर्वी दवंडी दिली जात असे. दवंडी एकच, पण ती ऐकून शेतकरी एक काम करी, दुकानदार दुसरे, आणि ज्याच्या कानी ती पडलीच नाही तो काहीच करीत नसे. मेलाटोनिन ही रक्तातून फिरणारी दवंडी आहे. ती ज्या पेशींना ऐकू येते, त्यांच्या पृष्ठभागावर तिच्यासाठी विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही नसलेल्या पेशीवरून ती दवंडी अशीच निघून जाते.

असे काही असावे, हे शास्त्रज्ञांना बराच काळ केवळ तर्काने माहीत होते. मार्गारिटा दुबोकोविच या अर्जेंटिनात जन्मलेल्या संशोधिकेने १९८३ साली सशाच्या दृष्टिपटलावर प्रयोग करून दाखवले, की अत्यल्प मेलाटोनिनही तेथील डोपामिन या रसायनाचे स्रवण रोखते. एवढ्या थोड्या मात्रेत परिणाम होतो, याचा अर्थ ते पकडणारी खास जागा तेथे आहे. पण त्या जागेचे प्रथिन प्रत्यक्ष हाती लागले ते १९९४ मध्ये, आणि तेही प्रथम बेडकाच्या त्या रंगपेशींतूनच. ज्या कातडीने १९१७ साली पहिली खूण दिली होती, तिनेच सत्त्याहत्तर वर्षांनी ग्राहीचा पत्ता दिला. त्याच वर्षी स्टीव्हन रेपर्ट आणि सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांतील पहिला ग्राही शोधला आणि १९९५ मध्ये दुसरा. आज त्यांना एमटी-१ आणि एमटी-२ म्हणतात. माणसात एमटी-१चे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आणि एमटी-२चे अकराव्या गुणसूत्रावर आहे. पहिला ग्राही ३५० अमिनो आम्लांच्या साखळीचा, दुसरा ३६२च्या. (तिसरा एक ग्राही म्हणून ज्याची बराच काळ चर्चा झाली, तो ग्राही नसून एक विकर निघाला, त्यात आपण शिरू नये.)

या साखळीची ठेवण पाहण्यासारखी आहे. आपली आई गोधडी शिवताना धावदोरा घालते, तेव्हा सुई कापडाच्या वर निघते, खाली जाते, पुन्हा वर निघते. ग्राहीची साखळी पेशीच्या पातळ आवरणातून अशीच सात वेळा आरपार गेलेली असते. मेलाटोनिन या सात टाक्यांच्या मधल्या खोबणीत बसले, की ग्राहीचा आकार किंचित बदलतो. आतल्या बाजूला त्याला टेकून जी-प्रथिन नावाचा निरोप्या उभा असतो, त्याला हा बदल कळतो. तो पेशीच्या आतील एका उत्तेजक रसायनाचे उत्पादन कमी करतो आणि पेशीचे काम मंदावते. मेलाटोनिन स्वतः पेशीत जाऊन काही करते असे नाही. उंबऱ्यावर निरोप द्यायचा एवढेच त्याचे काम. २०१९ मध्ये या दोन्ही ग्राहींची नेमकी रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा आणखी एक मजेदार गोष्ट समजली. बाहेरच्या अंगाने खोबणीचे तोंड जवळजवळ झाकलेले असते. मेलाटोनिन आधी पेशीच्या स्निग्ध आवरणात विरघळते आणि तेथून बाजूच्या एका अरुंद वाटेने खोबणीत शिरते. घराचे पुढचे दार बंद, आणि ओळखीचा माणूस बोळातल्या दाराने आत, असा हा प्रकार आहे.

हे ग्राही शरीरात कोठे आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. सर्वांत महत्त्वाची जागा मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा जोडपुंजका असतो. हे आपल्या शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही विशेष पेशी आहेत. त्यांचा चित्र पाहण्याशी संबंध थोडा, उजेड मोजण्याशी अधिक. निळसर प्रकाश त्यांना सर्वांत लवकर जाणवतो. त्या घड्याळाला सांगतात : अजून दिवस आहे. घड्याळाकडून हा संदेश पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतील एका चेतागुच्छात वळतो आणि पुन्हा वर डोक्यात पिनियलकडे येतो. इतक्या जवळच्या घरी जायला एवढा लांबचा वळसा का, हा प्रश्न आम्हांस पडला. उत्तर उत्क्रांतीच्या इतिहासात असावे, असे विज्ञानाचे शिक्षक म्हणाले. इतिहास शब्द आला म्हणून आम्ही समाधान मानले.

पिनियलने मेलाटोनिन सोडले, की ते रक्तातून उलट त्या घड्याळाकडेच येते, कारण घड्याळाच्या पेशींवर दोन्ही ग्राही आहेत. ढोबळ मानाने त्यांची कामे वेगळी मानली जातात. एमटी-१ घड्याळाच्या पेशींची धडपड शांत करतो. ज्या उंदरांतून एमटी-१चे जनुक काढून टाकले, त्यांच्यात हे शांत होणे जवळजवळ थांबले, असा प्रयोग आहे. एमटी-२ घड्याळाचे काटे मागेपुढे सरकवण्याच्या कामात असतो. माणसाच्या बाबतीत ही वाटणी इतकी रेखीव नसावी. पण समजण्यासाठी ती पुरेशी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेलाटोनिनला लोक झोपेचे द्रव्य म्हणतात. उंदीर-घुशी रात्रभर जाग्या असतात आणि दिवसा झोपतात. तरी त्यांच्याही शरीरात मेलाटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे हे द्रव्य 'झोप' असे सांगत नाही, 'अंधार आहे' एवढेच सांगते. तो ऐकून माणसाने झोपायचे आणि घुशीने बाहेर पडायचे, हे ऐकणाऱ्याच्या घडणीवर ठरते. मेंढ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. युरोपातील मेंढ्या शरद ऋतूत, रात्र लांबत जाते तेव्हा माजावर येतात. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवते; मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीच्या देठाजवळ असलेले एमटी-१ ग्राही ती लांबी जणू मोजतात आणि पुढची साखळी सुरू होते. घोड्यांत नेमके उलट : तीच लांब रात्र घोडीचा माजाचा काळ बंद करते. प्रयोगशाळांतून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांच्या एका जातीत तर मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही, पण ग्राही शाबूत आहेत. कान आहेत, दवंडी नाही. म्हणून उंदरांवरचे निष्कर्ष वर्तमानपत्रात वाचताना थोडे थांबावे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. रात्रपाळीहून सकाळी आल्यावर ती गोळी घेते, तेव्हा तिच्या शरीराचे स्वतःचे मेलाटोनिन ओसरलेले असते. ग्राही रिकामे असतात. गोळीतले मेलाटोनिन त्यांवर बसते आणि गुंगी येते. सुटीच्या रात्री तिचे स्वतःचे मेलाटोनिन बहुधा आधीच त्या जागांवर बसलेले असते. भरलेल्या बाकावर आणखी मुले बसवली म्हणून वर्ग वाढत नाही. शिवाय गोळीतील मात्रा नैसर्गिक मात्रेच्या कित्येक पट असते. पेशींवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की मेलाटोनिनचा असा पूर बराच वेळ राहिला तर ग्राही, विशेषतः एमटी-२, प्रतिसाद देईनासे होतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. सतत ओरडणाऱ्या शिक्षकाकडे मुलांचे लक्ष राहत नाही, तसेच हे. आणि तिसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी घेतलेले मेलाटोनिन घड्याळ अलीकडे ओढते. सकाळी घेतलेले ते पलीकडे ढकलते. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाच्या शरीरातील घड्याळ नेमके किती वाजले असे दाखवत आहे, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. तेव्हा, बाळ, गोळी तीच आणि तूही तीच. फक्त तुझ्या शरीरातली वेळ ती नव्हती.

आमच्या वाचकांत रात्रपाळी करणारे बरेच आहेत. कोणी पहारेकरी आहेत, कोणी एमआयडीसीतील कारखान्यात, कोणी रेल्वेत. मुंबईच्या गिरण्यांत तिसरी पाळी केलेले काही आजोबाही हा अंक वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, शरीराचे घड्याळ विस्कटवणाऱ्या पाळीच्या कामाची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीविषयी तेच मत कायम ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकास तो होतो असा नाही. पण रात्र ही ज्याच्या वाट्याला कामासाठी येते, त्याच्या देहाकडून काही वसूल केले जाते, आणि ती वसुली पगारपत्रकावर दिसत नाही. घरी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा असावा, झोपण्याच्या खोलीत काळा पडदा असावा, आणि घरच्यांनी त्या वेळी त्या माणसाला उठवू नये. इतके तरी करता येते. गोळ्यांविषयी एकच सांगतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या चघळण्याच्या गोळ्या तपासल्या गेल्या, त्यांपैकी २२ गोळ्यांच्या वेष्टनावरील मात्रा चुकीची निघाली. एकीत तर मेलाटोनिन नव्हतेच. लहान मुलांना अशा गोळ्या खाऊ म्हणून देणाऱ्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांचे डोळे पूर्णपणे अंध आहेत आणि ज्यांच्या घड्याळाला उजेडाचा निरोपच मिळत नाही, अशांना मात्र योग्य वेळी दिलेल्या मेलाटोनिनने दिवस-रात्रीचा मेळ पुन्हा सापडल्याचे २००० सालच्या एका अभ्यासात दिसले. तेथे ते खरोखर औषध आहे.

ग्राही केवळ मेंदूतच असते तर हा लेख येथे संपला असता. पण ते दृष्टिपटलात आहेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहेत, आणि स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही आहेत. या शेवटच्या जागेने २००९ साली वैद्यकविश्वाला चकित केले. हजारो माणसांची जनुके तपासताना असे आढळले, की एमटी-२च्या जनुकातील एका अक्षराचा फरक ज्यांच्यात आहे, त्यांची उपाशीपोटीची साखर थोडी जास्त असते आणि मधुमेहाचा धोकाही. त्याच वर्षी लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांतही हेच दिसले. झोपेच्या द्रव्याचा साखरेशी काय संबंध, असे वाटेल. पण विचार केल्यास तो सरळ आहे. रात्री माणूस जेवत नाही, म्हणून रात्रीची दवंडी ऐकून स्वादुपिंड इन्शुलिन आवरते घेते. त्या वेळी ताटभर भात पोटात गेला, तर साखर वर राहते. स्पेनमधील मुर्सिया येथे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४५ प्रौढांना झोपण्याच्या चार तास आधी आणि दुसऱ्या दिवशी एक तास आधी साखरेचे पाणी देऊन पाहिले. उशिरा घेतल्यावर इन्शुलिन कमी स्रवले आणि साखर अधिक वाढली. ज्यांच्यात ते बदललेले अक्षर होते त्यांच्यात जास्तच. शास्त्रज्ञांत वाद नाही असे नव्हे. काहींच्या मते ते अक्षर ग्राहींची संख्या वाढवते, म्हणजे दवंडी जरुरीपेक्षा मोठ्याने ऐकू येते. उलट, ज्यांच्यात हा ग्राही जवळजवळ निकामी आहे अशा दुर्मीळ व्यक्तींतही मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला आहे. हे दोन्ही कसे जुळवायचे, यावर काम चालू आहे. उशिराचे जेवण चांगले नाही, यावर मात्र फारसे दुमत नाही.

हे वाचून आमच्या एका उपासक मित्राने आनंदाने म्हटले, "पाहा, अष्टशीलात विकाल भोजनाचे शील आहे. तथागतांना हे सारे ठाऊक होते." आम्ही त्यांच्याशी असहमत झालो आणि येथेही होतो. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात रात्री भिक्षेला जाणाऱ्या भिक्खूंची हकीकत आहे : अंधारात कोणी घाणीच्या खड्ड्यात पडे, कोणास चोर भेटे, आणि विजेच्या लखलखाटात एकाएकी भिक्खू दिसल्याने भांडी घासणारी एक स्त्री भुताच्या भीतीने किंचाळली. नियमामागे अशी लौकिक कारणे होती. कीटागिरी सुत्तात रात्रीचे भोजन सोडल्याने निरोगीपणा आणि हलकेपणा लाभतो, असा अनुभवही सांगितला आहे. तो अनुभव मोलाचाच आहे. परंतु अनुभव निराळा आणि १९९५ साली सापडलेल्या प्रथिनाचे ज्ञान निराळे. पुष्पक विमानाचा दावा करणाऱ्यांना आपण हसतो. तोच हिशेब आपल्या दारीही लावला पाहिजे.

राहिला तो मुलगा. वयात येताना मुलामुलींचे घड्याळ उशिरा धावू लागते, त्यांचे मेलाटोनिन रात्री उशिरा चढते आणि सकाळी उशिरा उतरते. अमेरिकेतील मेरी कार्स्केडन यांच्या संशोधनाने हे तीस वर्षांपूर्वीच दाखवले आहे. मुले बिघडली म्हणून उशिरा झोपतात असे नव्हे. त्यांची रात्रच उशिरा सुरू होते. मोबाइल आणि पांढऱ्या दिव्यांचा उजेड तिला आणखी लांबवतो, हेही खरे. २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी न भरवण्याचे ठरवले. त्या निर्णयाचे स्वागतच आहे. फक्त ज्यांना पहाटे उठणे शरीरतः सर्वांत कठीण, ती नववी-दहावीची मुले त्यातून सुटली. आमच्या त्या विद्यार्थ्यास पहाटे पाच म्हणजे आमच्या वयाच्या माणसास पहाटे तीन. तो पाच वाजता उठून, तोंड धुऊन, रांगेत उभा राहून वंदना म्हणत असे आणि मग सातला आमच्या तासाला येऊन बसत असे. यास आळस म्हणत नाहीत.

ज्यांनी या शाळेत कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्या पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, की कंदील मालवल्यावर वसतिगृह पाच मिनिटांत झोपी जाई. भारनियमनाच्या वर्षांतही तसेच होई, आणि आम्ही वीज मंडळाला दोष देत असू. आता अभ्यासिकेत आणि शयनगृहात पांढरे लख्ख एलईडी दिवे आहेत. वीज आली, दिवे आले, मुले वाचू लागली, यासाठी मागच्या पिढीने काय केले ते आम्ही विसरणार नाही. अंधार परत आणा असे आम्ही म्हणत नाही. पण रात्री नऊनंतर शयनगृहात पिवळा, मंद दिवा पुरतो, हे आम्ही व्यवस्थापन समितीपुढे मांडले आणि समितीने ते मान्य केले. भोजनगृहातील मावशींनी रात्रीचे जेवण साडेआठऐवजी सात वाजता देण्याचे कबूल केले आहे. त्यासाठी त्यांना दुपारची विश्रांती थोडी आखडावी लागते, हे येथे नोंदवले पाहिजे. दहावीच्या मुलांना पहाटे पाचऐवजी साडेसहाला उठवावे आणि त्यांची वंदना संध्याकाळी घ्यावी, हा आमचा तिसरा प्रस्ताव अद्याप समितीकडे आहे. काही ज्येष्ठ सदस्यांना तो शिस्तीविरुद्ध वाटतो. पुढची बैठक वर्षावास संपल्यावर आहे.

तो मुलगा आता पुण्यात शिकतो. मेळाव्याला तो आला नव्हता. हा अंक आम्ही त्याच्या पत्त्यावर पाठवणार आहोत.